बेथलेहेमचा पाणीपुरवठा

भीमराव ओव्हाळ यांना आयुष्यातला पहिला 'सी' मिळाला तो चाळिशी उलटल्यावर, आणि तोही मुलीच्या प्रगतिपुस्तकात. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून काम करता करता त्यांचे केस पांढरे व्हायला आले होते, पण त्यांच्या गोपनीय अहवालात 'चांगला'च्या खाली कोणी साहेब कधी उतरला नव्हता. एकदा तर 'अत्युत्कृष्ट' आला होता. त्या वर्षी साहेबांना नातू झाला होता, हे भीमराव स्वतःच सांगून टाकत. फुकटचं श्रेय घेणाऱ्यांतले ते नव्हते.

येरवड्याच्या सेंट अगाथा प्राथमिक शाळेत त्यांची दीक्षा तिसरीत होती. शाळा ख्रिस्ती सिस्टरांची. शिस्त अशी, की मुलं खोकायचीसुद्धा रुमाल काढून. पण या शाळेचं नुसत्या मुलांकडून अपेक्षा ठेवून भागत नसे. शाळा म्हणजे एक कुटुंब, असं मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना प्रत्येक सभेत सांगत, आणि कुटुंब म्हटलं की ज्याच्या त्याच्या वाट्याला काम आलंच. कोणी ग्रंथालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालायची, कोणी क्रीडादिनाला लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबं वेचायची, कोणी सहलीला उलटीच्या पिशव्या घेऊन मागच्या सीटवर बसायचं. या सगळ्याचा शेरा प्रगतिपुस्तकात अगदी तळाला, 'पालकांचा सहभाग' या रकान्यात पडे. दीक्षाला गणितात ए, इंग्रजीत ए, नीटनेटकेपणात ए, आणि बापात सी.

ती रडली असती तर भीमरावांनी समजूत तरी घातली असती. पण तिने प्रगतिपुस्तक टीव्हीवर पालथं ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "पप्पा, पुढच्या मीटिंगला मम्मीलाच येऊ दे. तुम्ही शेवटच्या बाकावर बसता आणि काही बोलतच नाही. चैताली विचारते, तुझे पप्पा शाळेवर रागावलेत का?"

भीमरावांची पत्नी प्रेमला सरकारी दवाखान्यात नर्स होती. "येईन की," ती म्हणाली, "वॉर्डात सांगून ठेवते, सगळ्यांनी दुखणी दुपारपर्यंत थोपवून धरा."

हे ऐकून भीमरावांना जे लागायचं ते लागलं. प्रेमलाच्या बोलण्याची त्यांना सवय होती, पण मुलीला आपण शाळेत नको आहोत ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. धरणग्रस्तांच्या सभेत लोकांनी चपला उगारल्या तरी ते स्टेजवरून हलले नव्हते. शाळेत गप्प बसण्याचं कारण एवढंच, की तिथं सगळं इंग्रजीत चाले, आणि इंग्रजीत बोलायचं वाक्य त्यांचं मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असे. या वेळी त्यांनी निश्चय केला. पहिल्या बाकावर बसायचं आणि पहिलं जे काम निघेल त्याला हात वर करायचा. वाक्य लागणार नाही, हात पुरेल.

त्याप्रमाणे त्यांनी हात वर केला. कशासाठी केला ते त्यांना टाळ्या संपल्यावर मिसेस लोबोंनी सांगितलं. मिसेस लोबो पालक समितीच्या प्रमुख. नाताळात शाळेच्या हॉलमध्ये येशूच्या जन्माचा जो देखावा मांडतात, ज्याला ही मंडळी 'क्रिब' म्हणतात, तो त्या अनेक वर्षं करत आल्या होत्या. उदारीकरणाने देशाचं काय केलं यावर मतभेद असतील, पण सेंट अगाथाला त्याचा फायदा स्वच्छ दिसत होता. दर वर्षी कोणा ना कोणा पालकाकडे नवा फ्रिज येई आणि त्याच्या खोक्याचा मिसेस लोबो गोठा करत. या वर्षी त्यांना थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला गोव्याला जायचं होतं. नाताळाच्या कार्यक्रमाच्या दिवशीच त्या परतणार होत्या.

"साधं करा," त्या म्हणाल्या. "थोडं गवत, एक दिवा, बास. आणि बिशप येणार आहेत."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं, पण सरकारी माणसाच्या कानाला 'येणार आहेत' याखेरीज पुढचं-मागचं काही ऐकू येत नाही. वरिष्ठांचा दौरा म्हटल्यावर थोडं गवत आणि एक दिवा हे भीमरावांच्या सेवापुस्तकात बसणारं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दीक्षाला विचारलं, "या क्रिबमध्ये नक्की असतं काय?"

"डोंगर असतो," दीक्षा म्हणाली. ती जरा सावध होती. "डोंगरात गुहा असते. गुहेत बाळ. बाहेर माणसं, जनावरं. वरती तारा."

भीमराव खुर्चीतून उठलेच. "अगं, मग किल्लाच की!"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पुण्यात वाढलेल्या माणसाला डोंगर, गुहा आणि मातीची माणसं एवढं साहित्य एकत्र दिसलं की त्याच्या डोक्यात दिवाळीचा किल्ला सोडून दुसरं काही उभंच राहू शकत नाही. भीमराव ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीत वाढले. तिथं चिखल, दगड आणि पोती यांच्या जोरावर ते किल्ले उभारत, आणि गल्लीच्या किल्लेस्पर्धेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे ते अभियंता झाले ते त्याच नादात, असं त्यांचं मत होतं. सरकारने त्यांना आयुष्यभर कालव्यांच्या दुरुस्त्या दिल्या. नवं काही बांधायची पाळी आजवर आली नव्हती. ती आता आली.

त्यांनी रीतसर स्थळपाहणी केली. हॉलचा कोपरा टेपने मोजला. मग मोठ्या कागदावर नकाशा काढला. त्यात बुरूज होते, तटबंदी होती, नागमोडी वाट होती, आणि डोंगराच्या माथ्यावर एक छोटं धरण होतं.

"बेथलेहेमला धरण?" प्रेमलाने विचारलं. "तिकडे वाळवंट असतं ना?"

"वाळवंट का असतं?" भीमराव म्हणाले. "सिंचन नाही म्हणून."

नकाशा मंजुरीसाठी सिस्टर फिलोमिनांपुढे ठेवला तेव्हा तो त्यांच्या टेबलावर मावेना. निम्मा बेथलेहेम खाली लोंबू लागला. सिस्टरांना वर्गावर जायची घाई होती. त्यांनी टेबलावर आलेला भाग पाहिला, त्यात गुहा आणि बाळ होतं, आणि सही केली. धरण लोंबणाऱ्या भागात होतं. पण सही ती सही. सरकारात यापेक्षा कमी कागद पाहून मोठी धरणं झाली आहेत.

मातीसाठी भीमराव शेजारच्या नागोरावांकडे गेले. नागोराव मूळचे अकोल्याकडचे. त्या वर्षांत खराडीच्या बाजूला संगणक कंपन्यांच्या इमारतींचे पाये खणले जात होते आणि निघालेली माती वाहून नेण्यावर नागोरावांचे डंपर चालत. भीमरावांनी चार टोपल्या मागितल्या.

"काहून जी साहेब, डोंगर पाह्यजे ना तुमाले?" नागोराव म्हणाले. "टोपल्यानं कुठी डोंगर होते? पोरीच्या शाळेचं काम हाय. तुमी चूप बसा."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या फाटकात एक अख्खा डंपर मुरूम ओतला गेला. फाटक उघडेना. आतली मुलं आत आणि उशिरा आलेली बाहेर, अशी विभागणी झाली. बाहेरच्यांनी ती देवाची कृपा मानली आणि ढिगावर चढून राज्य-राज्य खेळायला सुरुवात केली. सिस्टर फिलोमिना खिडकीत आल्या. "मिस्टर ओव्हाळ," त्या म्हणाल्या, "आम्ही लहान क्रिब मागितला होता." भीमरावांनी उत्तराचं इंग्रजी वाक्य जुळवायला घेतलं, पण ते जुळेपर्यंत खिडकी बंद झाली होती. मग त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पाटीने डोंगर हॉलमध्ये वाहिला.

पुढचा प्रश्न माणसांचा. मेरी, जोसेफ आणि बाळ यांच्या मूर्ती सिस्टरांनी कापसात जपून ठेवल्या होत्या. बाकीची मंडळी, म्हणजे मेंढपाळ, तीन राजे आणि जनावरं, गेल्या काही नाताळांत फुटून संपली होती. भीमराव सुट्टीच्या दिवशी दीक्षाला घेऊन कसब्यात सुंदराबाई कुंभारणीकडे गेले. त्यांच्या लहानपणचे सगळे मावळे इथलेच. दिवाळी होऊन महिना गेला होता आणि सुंदराबाई उरलेला माल पोत्यात भरत होत्या.

"मेंढपाळ आहेत का?"

"मावळे आहेत," सुंदराबाई म्हणाल्या.

"मेंढपाळ हवे होते."

"मग मेंढपाळाकडे जा. इथं मावळे आहेत."

भीमरावांनी मावळे घेतले. तीन राजे मागितल्यावर मात्र बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "एका किल्ल्यावर तीन राजे? भांडणं लावायचीत का? सरदार घ्या, ते ऐकून घेतात." महाराजांची मूर्ती समोर होती, पण त्यांना कुणाच्या दर्शनाला रांगेत उभं करायची भीमरावांची छाती नव्हती. त्यांनी तीन सरदार घेतले, पोळ्याचा एक बैल घेतला, आणि उंट नाही म्हणून हत्ती घेतला. वाघ बाईंनी वरती घातला, कारण वाघाशिवाय किल्ला त्यांच्या दुकानातून बाहेर पडत नसे.

परतताना बसमध्ये दीक्षाने विचारलं, "पप्पा, हे चालेल ना? सगळे हसणार नाहीत ना?"

"तू बघच," भीमराव म्हणाले. पण रात्री त्यांना झोप लागेना. आपल्याला हसले तर आपण पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊ, त्यात काही नाही. पोरीला त्याच मुलांबरोबर चौथीचं वर्ष काढायचं होतं.

एवढ्यावर थांबते तरी निभावलं असतं. पण वरच्या मजल्यावर चेतन राहत होता. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, लग्न नाही, शनिवार-रविवार रिकामे. धरणाची गोष्ट कानावर येताच तो खाली उतरला. "काका, नुसतं पाणी साठवून काय फायदा? सर्क्युलेट करू. फिश टँकचा पंप लावतो. धबधबा पडणार, पाणी परत वर जाणार. कम्प्लीट लूप. आणि रिमोटवर!" भीमरावांना लूप कळला नाही, पण धबधबा कळला. मुरूम पाणी धरत नाही हेही त्यांना कळत होतं. त्याच विषयावर त्यांनी खात्यात टिपणं लिहिली होती. म्हणून त्यांनी धरणात जाड प्लॅस्टिक अंथरलं. चेतनने टेस्टिंग केलं. ते त्याने स्वतःच्या न्हाणीघरात बादलीवर केलं, ही गोष्ट नंतर उघड झाली.

डोंगरावर भीमरावांनी अळीव पेरले. किल्ला म्हटलं की अळीव आलेच. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की ते पाणी शिंपडायला जात, आणि त्यांच्याबरोबर आधी दीक्षा, मग चैताली, मग सबंध तिसरी जाऊ लागली. सहा-सात दिवसांत हिरवागार डोंगर उभा राहिला. मुलांनी बुरुजांना नावं दिली. हत्तीला कुठं बांधायचं यावर दोन गट पडले. दीक्षा हुकूम सोडत होती आणि पोरं ते ऐकत होती. भीमरावांनी हे पाहिलं आणि घरी जाताना विनाकारण जिलबी घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी मिसेस लोबो गोव्याहून थेट शाळेत आल्या. हॉलच्या दारातच त्या थांबल्या. सिस्टर फिलोमिना त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. मुलांच्या परीक्षांत बुडाल्यामुळे त्याही हे काम पूर्ण झालेलं पहिल्यांदाच पाहत होत्या.

"मिस्टर ओव्हाळ," मिसेस लोबो हळूच म्हणाल्या, "मेंढपाळांच्या हातात भाले का आहेत?"

"पहाऱ्यावर आहेत."

"कसला पहारा?"

भीमरावांनी दीक्षाचं मूल्यशिक्षणाचं पुस्तक वाचून काढलं होतं. "तो हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला होता, असं तुमच्याच पुस्तकात आहे ना? मग मूल असं उघड्यावर ठेवून कसं चालेल? वरती दोन, दरवाज्यावर दोन, आणि मागे चोरवाट आहे. वेळ आली तर तिघं निघून जाऊ शकतात."

मिसेस लोबोंनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर चोरवाटेकडे पाहत होत्या. इतकी वर्षं क्रिब मांडूनही बाळाच्या बंदोबस्ताचा विचार शाळेत कोणी केलेला नाही, हे त्यांना नाकारता येईना.

"आणि वाघ?" मिसेस लोबोंनी शेवटचा प्रयत्न केला.

"तो खाली उतरत नाही," भीमराव म्हणाले.

पण मिसेस लोबोंना हातावर हात ठेवून बसणं जमणारं नव्हतं. तारा फार खाली आहे, असं त्यांचं मत पडलं. कागदाचा चांदणीकंदील त्यांनी एका लांब काठीला बांधला, आणि भीमराव दारात पाहुण्यांचं स्वागत करत असताना ती काठी डोंगराच्या सगळ्यात उंच जागी, दोन्ही हातांनी जोर लावून खोचली. सगळ्यात उंच जागी धरण होतं.

बिशप आले. ते नगरकडचे, वयस्कर, मराठी बोलणारे निघाले. हॉल भरला. प्रेमला दवाखान्यातून तशीच पांढऱ्या साडीत आली आणि नागोरावांच्या शेजारी बसली. स्टेजवर गाणाऱ्या मुलांची रांग उभी राहिली, त्यात पांढऱ्या फ्रॉकमध्ये दीक्षा. गाण्याची पहिली ओळ तिने एकटीने म्हणायची होती. बिशपांनी आशीर्वादासाठी हात वर केला, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि डोळे न मिटलेल्या भीमरावांना तटबंदीखालून एक बारीक ओघळ सरकताना दिसला.

ओघळ जिकडे निघाला होता तिकडे माइकचा आणि दिव्यांचा एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडला होता. त्याच्या पलीकडे पहिलीतली मुलं मांडी घालून बसली होती.

भीमरावांनी मागे बसलेल्या चेतनला खूण केली. वीज बंद कर, असा त्या खुणेचा अर्थ होता. चेतनने बराच वेळ याच क्षणाची वाट पाहिली होती. त्याने रिमोट काढला आणि धबधबा सुरू केला.

आता विचार करायला वेळ नव्हता. भीमराव पुढे झाले, डोंगरापुढे दोन्ही गुडघ्यांवर बसले आणि उजवा हात कोपरापर्यंत मुरमात खुपसून फाटलेल्या प्लॅस्टिकवर तळवा दाबून धरला. ओघळ थांबला. वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब यांच्याखेरीज कोणी कुणापुढे गुडघे टेकले नव्हते. हे नमन नसून तातडीचं दुरुस्तीकाम आहे, अशी त्यांनी मनातल्या मनात नोंद केली.

बिशपांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना मान खाली घालून बसलेला एक माणूस दिसला. त्यांनी आदराने थोडी वाट पाहिली. माणूस उठेना. आता प्रार्थनेतल्या माणसाला 'सरका' कसं म्हणायचं? बिशप स्वतःच सावकाश त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसले. बिशप बसल्यावर सिस्टर बसल्या. सिस्टर बसल्यावर मिसेस लोबो रेशमी साडीत, नेमक्या ओल्या जागी बसल्या. मग पहिली रांग, दुसरी रांग, असं होत सबंध हॉल खाली बसला. "हे काहून बसून राह्यले बाप्पा?" असं म्हणत नागोरावही बसले.

"हा कुठला गड?" बिशपांनी हळूच विचारलं.

"बेथलेहेम, साहेब."

बिशपांनी मावळे पाहिले, दरवाजा पाहिला. "बंदोबस्त चांगला आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.

भीमरावांच्या दंडाला कळ लागली होती, बोटं बधिर होत चालली होती. सफारीच्या गुडघ्यांना चिखल लागला होता. हात काढला तर पाणी बोर्डावर, न काढावा तर हा कार्यक्रम पुढे सरकत नाही. आपल्या एकट्यामुळे सबंध शाळा जमिनीवर आली आहे, आणि हे सगळं स्टेजवरून पोरगी बघते आहे. पुढच्या मीटिंगला मम्मीलाच येऊ दे, असं ती म्हणाली होती. बरोबरच म्हणाली होती. त्यांना स्टेजकडे बघवेना.

बाजूला पावलं वाजली. पांढरा फ्रॉक त्यांच्या शेजारी चिखलात टेकला.

"पप्पा, फुटलंय का?"

"हो. तू जा. फ्रॉक खराब होईल. तुझी ओळ आहे."

दीक्षा गेली नाही. तिने बाही वर सारली आणि त्यांच्या हाताखालून आपला हात आत घातला. चाचपत चाचपत तिला भोक सापडलं. "मिळालं," ती म्हणाली. "सोडा तुम्ही."

"दुखेल तुला."

"माझा हात लहान आहे, बरोबर बसतोय. सोडा ना पप्पा."

भीमरावांनी हात काढला. पाणी आलं नाही. स्टेजवर चैताली आणि बाकीची रांग गाणं कसं सुरू करायचं या पेचात उभी होती. दीक्षाने मागे वळून सिस्टरांकडे पाहिलं, सिस्टरांनी मान हलवली, आणि तिथूनच, चिखलात बसून, हात धरणात ठेवून, तिने पहिली ओळ म्हटली. माइक लांब होता, पण हॉल इतका शांत होता की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. मग स्टेजवरच्या मुलांनी दुसरी ओळ उचलली.

भीमरावांना त्या गाण्यातलं इंग्रजी नीटसं कळलं नाही. त्यांचे डोळे मात्र भरून आले, आणि ते पुसायला चिखलाचा हात चालेना, म्हणून त्यांनी मान आणखी खाली घातली आणि गाणं संपेपर्यंत वर केली नाही. ओव्हाळसाहेब इतके भाविक असतील असं वाटलं नव्हतं, असं मागे कोणीतरी कोणाला तरी म्हणालं. प्रेमलाने ते ऐकलं आणि पर्समधला रुमाल काढून पुढे पाठवला.